तिकडे पाल चालत नाही

त्या दुपारी बायकोने फोन घेतला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी म्हणतो. मी फोन घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं बायको म्हणते. दोन्हींचा अर्थ एकच, पण ऐकताना दोष वेगवेगळ्या माणसांकडे जातो, आणि आमच्या घरात महत्त्व त्यालाच आहे.

जेवून मी आरामखुर्चीत पडलो होतो. माझ्या त्या वेळच्या अवस्थेला बायको झोप म्हणते. मला ते मान्य नाही. झोपेत माणसाला काही कळत नाही, मला सगळं कळत असतं. पंखा फिरतोय, खिडकीचा निळा पडदा फुगतोय आणि बसतोय, खाली कोणीतरी गादी झटकतंय, हे सगळं कळत असतं. फक्त यातलं काहीच आपल्यावाचून अडलेलं नाही, अशी एक गोड खात्री असते. अशा वेळी फोन वाजला की तो दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी वाजतोय असं मला वाटतं. तसं वाटलं, आणि बायकोने फोन घेतला.

फोन तिकडून होता. 'तिकडे' म्हणजे माझी थोरली बहीण राहते तिकडे, समुद्रापलीकडे. बोलत होता तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. लाइन खरखरत होती. बोलणं संपवून बायको माझ्या खुर्चीशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, उठा. ताईंना पाठवलेल्या डिस्कमध्ये पाल आहे."

"काय आहे?"

"पाल. मी पुन्हा विचारलं. 'मामी, डिस्क पाल आहे, इकडे पाल चालत नाही,' असं म्हणाला. वर सॉरीसुद्धा म्हणाला, चांगल्या वळणाचा आहे."

आता डिस्क कसली ते सांगायला हवं. ताई तिकडे घसरून पडली होती आणि मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. आमची आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. तेव्हा ताईला येता आलं नव्हतं. अंथरुणात पडल्यापडल्या तिने मला फोन केला आणि म्हणाली, "आईचा चेहरा समोर येतो रे. आवाज येत नाही. ती मला हाक कशी मारायची ते आठवायला जाते, तर माझाच आवाज ऐकू येतो. तुझ्या त्या कॅमेऱ्यात काही असेल तर पाठव." हे ऐकून मला रडू आलं. आणि रडू आलं की मी कामाला लागतो, ते माझ्या रडण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

व्हिडिओ कॅमेरा मी पूर्वी हौसेने घेतला होता, आणि ताई एकदा सुट्टीत आली तेव्हा त्याने एका रविवारचं चित्रण केलं होतं. आईचं चित्रण म्हणजे तेवढंच. त्यातही पंचाईत अशी, की कॅमेरा समोर आला की आई फोटो काढायला उभी राहिल्यासारखी ताठ व्हायची. हात शरीराला चिकटलेले, श्वास रोखलेला. "आई, बोल काहीतरी," म्हटलं की ती ओठ आणखी घट्ट मिटायची. हा व्हिडिओ आहे, यात हललं तरी चालतं, हे तिला आम्ही सगळ्यांनी समजावलं. तिने मान डोलावली नाही, कारण डोलावली तर हलेल.

शिवाय त्या चित्रणात पडदा होता. त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बंद करायला विसरलो. त्यामुळे निम्म्या चित्रणात आमच्या बाहेरच्या खोलीचा पडदा आहे. तो फुगतो आणि बसतो, दुसरं काही होत नाही. नातेवाइकांना पहिल्यांदा ते दाखवलं त्या दिवसापासून माझं नाव 'पडदेवाले' पडलं. लग्नकार्यात लांबचे लोकसुद्धा "काय पडदेवाले, कसं काय?" म्हणून विचारतात. मी हसतो, पण ते लागतं.

तर ते सगळं, पडद्यासकट, मी दोन डिस्कवर उतरवलं, एक घरी ठेवली, दुसरी डबीत घातली, डबी पाकिटात घातली आणि तिकडे पाठवली. आणि आता त्यात पाल निघाली होती.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. आमच्या ट्यूबलाइटमागे खरोखरच एक पाल राहते. आईच्या वेळेपासून आहे. बायकोला पालीची इतकी भीती, की ट्यूबचं बटण ती भिंतीपासून अंग चोरून लांबून दाबते. पण आई म्हणायची, "राहू दे बिचारी, ती कोणाचं काय खाते?" आणि पाकीट मी बंद केलं होतं ते त्याच ट्यूबखालच्या टेबलावर, जेवणानंतरच्या त्याच अवस्थेत. मी उठून ट्यूबमागे पाहिलं. पाल नव्हती. मनात शंकेची पाल चुकचुकते असं म्हणतात. इथे शंका जागेवर होती, पालच नव्हती.

बायकोने ही गोष्ट फक्त समोरच्या काकूंना सांगितली. काकूंनी ती फक्त इमारतीला सांगितली. संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या.

"जिवंत पोचली का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"ते विचारायला हवं होतं. तिकडे प्राण्यांच्या बाबतीत फार कडक असतात. चौकशी करतात, पाठवणाऱ्याचा पत्ता लिहून घेतात." मग मला धीर देत म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम थोडीच पाठवलीत? तुम्ही झोपेत होता असं सांगायचं."

"मी झोपेत नव्हतो," मी म्हणालो.

"मग तर आणखीच वाईट," काकू म्हणाल्या. जाताना त्यांनी औषध फवारणाऱ्या माणसाला बोलवायचं सुचवलं. घरात एक पाल असली की दहा असतात, सगळ्या एकदम जातील, असं त्यांचं म्हणणं. यावर बायको, जी पालीच्या नुसत्या नावाने दोन पावलं मागे सरते, चटकन म्हणाली, "नको. सासूबाईंची आहे ती." मग तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं, कारण ती उगाच आत जाऊन चहाचं भांडं विसळायला लागली.

दिवेलागणीला पाल ट्यूबमागून बाहेर आली. शांतपणे भिंतीवर बसून आमच्याकडे बघत राहिली. तिला बघून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण मग तिकडे गेली ती कोण, हा नवा प्रश्न उभा राहिला, आणि काकूंचे यजमान घरी येईपर्यंत तो सुटला नाही.

काकूंच्या यजमानांना सगळे टेक्निकल म्हणतात. "टेक्निकली बोलायचं तर" असं म्हटल्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही. भाजीच्या दुकानात ते टेक्निकली बोलायचं तर टोमॅटो मागतात. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, डोळे मिटले, आणि मग जिन्याचा कठडा धरून इतके हसले की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"टेक्निकली बोलायचं तर," ते डोळे पुसत म्हणाले, "पाल हा प्राणी नाही."

"मग काय आहे?" बायको म्हणाली.

"पद्धत आहे. टीव्हीवर चित्र दाखवायची पद्धत. आपल्याकडची पद्धत पाल, तिकडची एनटीएससी. आपली डिस्क तिकडच्या टीव्हीला वाचता येत नाही, एवढंच तो पोरगा सांगत होता."

"मला ते माहीत होतं," मी म्हणालो. ह्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. एनटीएससी हे मला कुठल्यातरी परीक्षेचं नाव वाटलं, आणि पुढे ती परीक्षाच निघाली.

टेक्निकलनी मला बसवून समजावलं. आपल्याकडे एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात, तिकडे तीस. म्हणजे आपली डिस्क तिकडची करायची तर प्रत्येक सेकंदाला पाच चित्रं कमी पडतात. ती कुठून आणायची? यंत्र आणतं. पुढचं आणि मागचं चित्र बघून मधलं चित्र यंत्र आपल्या मनाने तयार करतं.

टेक्निकल बरंच काही बोलत होते, पण मी त्या पाच चित्रांपाशी थांबलो. म्हणजे समजा आई हात उचलते आणि खाली ठेवते, याच्या मध्ये आईचं एक चित्र असेल, जे मी काढलेलं नाही, कॅमेऱ्याने पाहिलेलं नाही, खुद्द आईलाही माहीत नाही. दर सेकंदाला अशी पाच. तिकडे गेल्यावर आई थोडी जास्त होणार. त्या जास्तीच्या आईत ती कदाचित बोलेलसुद्धा, असं मला वाटायला लागलं. मग पडदा फुगला, बसला, आणि टेक्निकल म्हणाले, "झोपलात का?"

"नाही," मी म्हणालो.

हे काम करणारा माणूस बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. लग्नाचे व्हिडिओ करायचा. दुकान लहान, भिंती काळ्या, आणि आत तीन पडद्यांवर तीन नवऱ्या एकाच वेळी लाजत होत्या. त्याला नुसता शूटिंगवाला म्हटलेलं आवडत नसे, म्हणून गल्लीत त्याला कलाकार म्हणत. मी बायकोला आणि टेक्निकलना घेऊन गेलो. टेक्निकलना मी घेऊन गेलो नव्हतो, ते आले.

कलाकाराने माझी डिस्क लावली. मधल्या पडद्यावर आमची आई ताठ उभी राहिली. दोन्ही बाजूंना नवऱ्या लाजतायत, मध्ये आई श्वास रोखून. त्या अंधारात ती आपल्याकडेच बघतेय आणि मी 'झालं' कधी म्हणतो याची वाट बघतेय, असं वाटलं. आपण तिला झालं असं सांगितलंच नाही की काय?

"काका, यात फीलिंग येत नाही," कलाकार म्हणाला.

"फीलिंग नको. एनटीएससी करून दे," मी म्हणालो.

"ते मशीन करेल. फीलिंग माणसाला करावं लागतं." त्याने चित्र पुढे पळवलं आणि पडद्यापाशी आला. बघत राहिला. आणखी पळवलं. पडदाच. "हा काय प्रकार आहे?"

टेक्निकल खाकरले. त्यांच्या खाकरण्यात 'पडदेवाले' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

"ते चुकून राहिलंय," मी म्हणालो. "काढून टाक."

"असू द्या ना," बायको म्हणाली. "पडदा मी शिवलेला आहे."

"आजारी माणसाला पडदा कशाला दाखवायचा? काढून टाक," मी म्हणालो. अपमान झाला की मी जरा जास्तच ठाम होतो. कलाकाराने आवाज न लावताच तेवढा भाग कापला. घरी येईपर्यंत बायको रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालली.

नवी डिस्क आली तेव्हा त्यात फीलिंग होतं. सुरुवातीला एक गुलाब हळूहळू उमलत होता आणि त्यातून आमची आई ताठ बाहेर येत होती. मागे व्हायोलिन. ताई हसते तिथे पडद्यावरून पाकळ्या पडत होत्या. मी स्वतः एकदा आरशात क्षणभर दिसतो, तिथे त्याने बदामाच्या आकाराची चौकट घातली होती. आणि सगळं इतकं सावकाश, की जिना उतरणारी ताई पाण्यात चालल्यासारखी तरंगत खाली येत होती. मी रागावणार होतो, पण बघता बघता राग कुठेतरी खाली राहिला. आमचं घर असं दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आता घरात दोन डिस्क झाल्या, आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून बायकोने जाड पेनने त्यांच्यावर लिहून टाकलं. जुनीवर 'पाल'. नवीवर 'पाल नाही'. मला हे चोख वाटलं. पोस्टात मात्र ते तसं वाटलं नाही.

खिडकीमागचे साहेब चष्मा कपाळावर ठेवून वाचायचे. त्यांनी डबी उघडून डिस्क उजेडात धरली. "पाल नाही," त्यांनी वाचलं. "म्हणजे?"

"म्हणजे यात पाल नाही."

"ते बरोबर. पण मग लिहिलंय कशाला? ज्यात जे नसतं ते कोणी वर लिहितं का? मी माझ्या डब्यावर 'विंचू नाही' असं लिहीन का?"

मागच्या रांगेतून कोणीतरी 'खरं आहे' म्हणालं. मी त्यांना आपली पद्धत आणि तिकडची पद्धत समजावली. पंचवीस आणि तीस समजावलं. मधली पाच चित्रं यंत्र आपल्या मनाने काढतं हेही सांगितलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे यात जे घडलेलंच नाही ते दाखवलंय?"

"थोडंसं. मधलं मधलं."

"चित्रण कसलं आहे?"

"आईचं."

"आई काय करते त्यात?"

मी खरं तेच सांगितलं. "उभी राहते."

"आणि?"

"गुलाबातून बाहेर येते."

साहेबांनी डिस्क डबीत घातली, डबी माझ्याकडे सरकवली आणि आधी वरचं लिहिलेलं बदलून या म्हणाले. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून 'पाल नाही' खोडलं आणि 'आई' लिहिलं. पुन्हा रांगेत उभा राहिलो. या वेळी त्यांनी नुसतं बघितलं आणि शिक्का मारला.

पाकीट प्रवासात होतं तेव्हाच्या दुपारी मोठ्या छान होत्या. खुर्चीत पडलो की मला ते जाताना दिसायचं. खाली समुद्र, आणि समुद्राच्या तळाशी टेलिफोनची तार, आणि तारेवरून आमची पाल एकटीच चाललेली. घाई नाही. पलीकडच्या काठावर चष्मा कपाळावर ठेवलेले एक साहेब तिला विचारायचे, "चालता येतं का?" पाल काही बोलायची नाही. उत्तर मिळायच्या आत बायको चहा घेऊन यायची.

मग ताईचा फोन आला. या वेळी मी घेतला. जागा होतो म्हणून नव्हे, फोन माझ्या पोटावर ठेवून मी पडलो होतो.

"लागली रे डिस्क. छान दिसते," ताई म्हणाली. एवढ्यावर ती थांबली. आमची ताई थांबणाऱ्यातली नाही.

"गुलाब नको होता का?" मी विचारलं.

"गुलाब असू दे. पण आई बोलतच नाही रे. सारखी उभीच आहे. मी रोज सकाळी लावते, वाटतं आता बोलेल, आता हाक मारेल. मग ती पुन्हा गुलाबात जाते." तिचा आवाज बारीक झाला. "माझीच चूक. ती कॅमेऱ्यासमोर कधी बोलायची? मला वाटलं, एखादा शब्द तरी असेल. जाऊ दे, तू एवढी खटपट केलीस."

जाऊ दे म्हटल्यावर माणसाला जास्त लागतं. मी फोन ठेवला आणि खिडकीकडे बघत बसलो. पडदा फुगत होता, बसत होता. बायको दारात उभी होती. तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "पडद्याच्या वेळी सासूबाई कुठे होत्या?"

"असेल कुठेतरी. स्वयंपाकघरात."

"एकट्या?"

ताई होती तिच्याबरोबर. मी उठलो. 'पाल' लिहिलेली जुनी डिस्क आमच्या टीव्हीत लावली, आमच्याकडे पाल चालते, आणि आवाज मोठा केला. इतक्या वर्षांत त्या पडद्याचा आवाज कोणी मोठा केला नव्हता. पडदा आला की लोक हसायचे, आणि मी पुढे पळवायचो.

पडदा फुगला. आधी नुसता पंखा ऐकू आला. मग नळ. मग कुठेतरी आत, लांब, डब्याचं झाकण पडलं आणि घरंगळत गेलं.

"चिमे, हे झाकण कुठल्या डब्याचं गं?"

चिमी म्हणजे ताई. हे नाव आईशिवाय कोणी घेत नसे, आणि आई गेल्यापासून ते कोणी उच्चारलेलं नव्हतं. बायको सोफ्यावर बसली. मी उभाच राहिलो.

"कुठल्याच नाही," ताई म्हणाली. "त्याचा डबा कधीच हरवलाय. टाकून दे ते."

"असू दे. सापडेल डबा."

"आई, तू म्हणजे ना."

"तू तिकडे गेलीस की माझ्याशी भांडायलाच कोणी उरत नाही. ही सून भांडतच नाही बघ. गुणाची आहे हो, माझा शब्द कधी खाली पडू देत नाही. पण भांडेल तर शपथ."

मी बायकोकडे बघितलं नाही. बघू नये असं मला वाटलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

पडदा फुगला, बसला. आत भांडी पुसून पालथी घातल्याचे आवाज. आई म्हणाली, "पुढच्या वेळी जास्त दिवस ये, चिमे."

"येईन."

चुक, चुक, चुक. भिंतीवर कुठेतरी पाल चुकचुकली.

"बघ," आई म्हणाली, "ती पण हो म्हणाली." आणि आई हसली. आईचं हसणं मी विसरून गेलो होतो, हे मला ती हसल्यावर कळलं.

मग पावलं वाजली आणि कडेने पडद्यावर एक हात आला. आईचा हात. ताठ नाही, काही नाही, कामातला ओला हात. त्याने पडदा ओढून घेतला, आणि अगदी कॅमेऱ्याजवळ, दबक्या आवाजात आई म्हणाली, "हळू बोल गं, झोपलाय. ऊन येतंय त्याच्या तोंडावर."

मी खुर्चीत बसलो. बायको डोळे पुसून म्हणाली, "झोपलाय म्हणाल्या."

"ऐकलं मी," मी म्हणालो.

कलाकाराकडे मी एकटाच गेलो. पडदा तेवढा एनटीएससी करून दे, बाकी काही नको, असं सांगितलं. तो दुखावला. "नुसता पडदा? निदान सुरुवातीला एखादी पाकळी?" पाकळी नको म्हटलं. पाठ फिरल्यावर त्याने रंगांत काहीतरी केलंच, पण ते पुढे कळलं. पोस्टातल्या साहेबांनी डबी बघून "आई का?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर इतरांच्या आधी घेतली. टेक्निकल नंतर मला म्हणाले, टेक्निकली बोलायचं तर आवाजाला ना पाल लागते ना एनटीएससी, आवाज सगळीकडे एकच, पहिल्याच दिवशी फोन टीव्हीपाशी धरला असता तरी ताईला ऐकू आलं असतं. नंतर सगळेच टेक्निकल होतात. आणि त्या वेळी टीव्हीपाशी धरायला माझ्याकडे काय होतं? पडदा.

ताईचा फोन आला तो दुपारीच आला. बायकोने घेतला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"पडदा कुठल्या रंगाचा होता रे?" ताईने विचारलं. नाक चोंदल्यासारखा आवाज होता.

"निळा."

"इकडे जांभळा दिसतो. असू दे. सकाळपासून तिसऱ्यांदा लावलाय. थांब, फोन टीव्हीपाशी धरायला सांगते, तुम्ही पण ऐका."

भाच्याची पावलं वाजली. मग समुद्रापलीकडून आमचाच पंखा ऐकू आला, आमचाच नळ. झाकण पडलं आणि घरंगळत गेलं. "चिमे," आई म्हणाली, आणि तिकडे ताई, मांडी मोडलेली, नातवंडं असलेली बाई, "ओ" म्हणाली.

आम्ही ऐकत राहिलो. सून भांडत नाही तेही पुन्हा ऐकलं. बायकोने या वेळी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला नाही. पुढच्या वेळी जास्त दिवस ये. येईन. आणि चुक, चुक, चुक.

बायकोने दोन्ही पाय झटकन सोफ्यावर घेतले आणि ट्यूबकडे बघितलं. "अहो, ती बाहेर आली का?"

तिकडून ताई हसायला लागली. आईसारखंच हसते ती, आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. "वहिनी, पाय खाली घे. माझ्याकडची आहे ती." आणि मग मला म्हणाली, "तुझ्या भाच्याला म्हटलं मी, बघ, कोण म्हणतं इकडे पाल चालत नाही? चालते रे, चांगली चालते. हाड जुळू दे, मीसुद्धा चालत येते."

बायको काहीतरी बोलणार होती, मीही बोलणार होतो. तेवढ्यात पावलं वाजली.

"हळू बोल गं," आई म्हणाली, "झोपलाय."

आणि तिकडे ताई, इकडे आम्ही दोघं, सगळे गप्प बसलो.